पिंपांच्या मधली जागा

मुठा गावात मोबाईलला रेंज मिळायची ती ओढ्याच्या मोरीवर, आणि तिथंही फक्त कठड्याच्या एका टोकाला. शुक्रवारी दुपार कलली की गंगूबाई तिथं येऊन बसायची. मस्कतला शुक्रवारी सुट्टी असते आणि तिचा नवरा कोंडीराम त्याच दिवशी फोन करायचा. सोबत पुतणी मोनिका असायची. फोन मोनिकाचा होता.

फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी फोन वाजल्यावर मोनिकानं स्पीकर लावला आणि फोन दोघींच्या मधे कठड्यावर ठेवला.

"जय भीम, तात्या."

"जय भीम. काकी हाय का तुजी?"

"हाय हितंच," गंगूबाई म्हणाली. "काय झालं?"

"न्हाई झालं."

गंगूबाई फोनकडं सरकली.

"परत मागं घेतानाच?"

"व्हय. पिंपाला लागली. लई न्हाई, जराशी. पिंप हाललं सुदिक न्हाई."

"हाललं न्हाई मग काय म्हनला तो पोलीस?"

"हाललं न्हाई तरी वाजलं की. पोलिसानं हातानंच खुणावलं, उतर खाली."

कोंडीराम दुसऱ्यांदा नापास झाला होता. कंपनीनं त्याला पिकअप गाडीचा ड्रायव्हर म्हणून नेलं होतं, पण हिंदुस्थानातलं लायसन तिथं चालत नाही. तिथलं वेगळं काढावं लागतं, त्याची परीक्षा पोलीस घेतात, आणि कंपनी तीनदा बसवते. तिसऱ्यांदाही नाही जमलं तर माणूस ड्रायव्हर राहत नाही, सिमेंटच्या गोदामात हमालीला जातो. करार दोन वर्षांचाच राहतो आणि पासपोर्ट ऑफिसातल्या कपाटात. मधेच परत येता येत नाही. कोंडीरामच्या खोलीत सात जण होते. त्यातले पाच ड्रायव्हर म्हणूनच आलेले होते. सकाळी ते पाचही जण गोदामाच्या गाडीत बसून जायचे.

"आता एकच राहिली," कोंडीराम म्हणाला. "एप्रिलात."

"मग येईल की आता," गंगूबाई म्हणाली. "दोनदा हात फिरलाय."

"बघू." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "पावण्यांकडं कुणाला सांगू नको."

कोंडीरामनं एकोणीस वर्षं गाडी चालवली होती. त्यातली शेवटची अकरा वर्षं स्वतःचा टेम्पो. मुठा खोऱ्यात पुण्याच्या लोकांचे बंगले उठायला लागले तेव्हा विटा, वाळू, खडी, फरशी, सगळं त्यानं चढवलं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कोसळलेली कड, मधे टेम्पोएवढाच रस्ता. बंगल्याच्या जागेपाशी गाडी वळवायला जागा नसायची, म्हणून पार खालच्या फाट्यापासून उलटी न्यावी लागे. कोंडीराम ती न्यायचा. आजूबाजूच्या गावांत कुणाला कोंडीरामइतकी गाडी मागं घेता येत नाही असं म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

फक्त तो ती एकट्यानं घेत नसे. मुळशीत कुणीच घेत नाही. मागं माल भरलेला असतो, मागची काच नसते, आरसे झाडांच्या फांद्यांनी कधीच तोडलेले असतात. मागं घ्यायचं म्हणजे क्लीनर उतरतो, गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी उभा राहतो आणि बोलत राहतो. येऊ द्या, येऊ द्या, ड्रायव्हर साईड मारा, सरळ, येऊ द्या. ड्रायव्हर समोर बघून ऐकत असतो. पत्र्यावर दोन थापा पडल्या की चल, एक पडली की थांब.

कोंडीरामचा पहिला क्लीनर हिंजवडीला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन लागला आणि दुसरा मिळेना. मग गंगूबाईच शेजारी बसायला लागली. पहिले काही दिवस पौडच्या नाक्यावर लोक हसले. कोंड्यानं बायकूच क्लीनर ठेवलीय, म्हणाले. नंतर हसायचे थांबले, कारण तिचा अंदाज चांगला होता. ती फार बोलायची नाही. टेम्पोच्या पत्र्यावर तिचा तळवा असायचा आणि जे सांगायचं ते बहुतेक तळव्यानंच सांगायची.

एकदा पौडच्या बाजारात गाडी मागं घेताना तिनं एक थाप मारली आणि कोंडीरामनं ब्रेक दाबला. उतरून बघितलं तर एक म्हातारी सांडलेले कांदे वेचायला मागच्या चाकाशी वाकलेली होती. तिच्या पाठीत आणि चाकात हातभर अंतर नव्हतं. त्यानंतर दोघांत ठरूनच गेलं. थाप पडली की आधी थांबायचं, का ते नंतर विचारायचं.

दोन हजार आठच्या दिवाळीच्या आधीपासून बंगल्यांची कामं बंद पडली. पैसेवाल्यांचे पैसे कुठंतरी अडकले म्हणे. सळ्या वर आलेले अर्धे खांब तसेच राहिले. टेम्पो दारात उभा राहून राहून त्याच्या टायरांना भेगा पडायला लागल्या, तेव्हा तो भोरच्या एका माणसाला गेला आणि कोंडीराम मस्कतला.

मोनिकानं आदल्या वर्षी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं. पिरंगुटच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायची नोकरी तिला लागली आणि मंदीनं चार महिन्यांतच गेली. आता घरीच होती. त्या फोननंतर मोरीवरून परत येताना घराजवळ ती म्हणाली, "काकी, तात्या नक्की कुठं चुकतात?"

"मागं घेताना."

"ते कळलं. पण कुठं? वळवताना, का सरळ करताना, का थांबताना?"

"मला काय ठावं? मी तितं हाय का?"

"तेच म्हणते मी. तू तिथं नाहीस." मोनिका थांबली. "ते एकटे कधी मागं गेलेच नाहीत. तिथं गाडीत ते आणि पोलीस. बाहेर कुणी नाही. मग कशावरून ठरवत असतील, आता फिरवायचं म्हणून?"

गंगूबाईनं विचार केला. "कशावरून न्हाई ठरवत," ती म्हणाली. "वाट बघत असतील."

पुढच्या शुक्रवारी मोनिकानं कोंडीरामला प्रश्न विचारले. पिंपं किती, कशी मांडलेली, मधे जागा किती, गाडी कोणती. कोंडीराम आधी वैतागला, मग सांगायला लागला. तेलाची रिकामी पिंपं, त्यांत वाळू भरलेली. रस्त्याच्या कडेला गाडी लावायला जागा असते तसं पिंपांचं एक खोकं केलेलं. खोक्याच्या पुढं जायचं आणि मागं घेत गाडी आत घालायची. एकदा उजव्या बाजूच्या खोक्यात, एकदा डाव्या. पिंपाला लागलं तर नापास आणि मधे थांबलं तरी नापास.

"थांबलं तरी?"

"थांबायचंच न्हाई. हळू चालंल, पर थांबायचं न्हाई."

"गाडीची लांबी किती?"

"मी काय टेप घिऊन फिरतोय का, मोना?"

"वितीनं मोजा. तुमची वीत किती ते मला काकी सांगेल."

त्यानं मोजली. शिकवणारा मास्तर केरळचा होता, आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी हातात द्यायचा. कोंडीराम बॉनेटपासून डिकीपर्यंत वीत वीत करत निघाला तेव्हा मास्तरनं विचारलं, "क्यों भाई, गाडी को कपडा सिलाना है क्या?" हे सांगताना कोंडीराम जरासा हसला. मस्कतला गेल्यापासून गंगूबाईनं ते पहिल्यांदा ऐकलं.

कोंडीरामची वीत किती हे गंगूबाईला खरंच माहीत होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीत त्यानं फळी बसवली तेव्हा ती वितीनंच मोजली होती. फळी अजून होती. मोनिकानं ती पट्टीनं मोजली आणि भागाकार केला.

आता गाडी हवी होती. गेणबाची वडापची जीप होती, मुठ्यातून पिरंगुटला माणसं भरून नेणारी. मस्कतच्या गाडीपेक्षा ती थोडी आखूड होती, पण मोनिकानं पिंपांमधलं अंतर त्याच प्रमाणात कमी करायचं ठरवलं. स्टेअरिंग इथं उजवीकडं आणि तिथं डावीकडं, हेही तिनं धरलं. तिथलं डावं ते इथलं उजवं. आरशात बघितल्यासारखं सगळं उलटं समजायचं, बाकी काही बदलत नाही, असं ती म्हणाली.

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर बंद पडलेल्या बंगल्यावरची पाण्याची निळी पिंपं आली. मोनिकानं चुन्यानं खुणा केल्या आणि पिंपं मांडली. गेणबा जीप घेऊन आला, उतरला आणि पिंपांकडं बघत राहिला.

"ह्यात घालायची? एवडंच ना वयनी? माजी रोज वीस माणसं ह्यापेक्षा बारक्या जागंत बसत्यात."

"घाला मग," गंगूबाई म्हणाली.

"मागच्या काचेतून बघायचं बरं का, गेणबाकाका," मोनिका म्हणाली.

"मागची काच? आमाला मागच्या काचेत मानसांच्या पाठी दिसत्यात. बारा वर्सात मी मागचा रस्ता बगितलेला न्हाई."

पण पहिल्याच खेपेला त्यानं जीप आत घातली. पिंपाला न लागता, सरळ, मधोमध. मोनिकाला आश्चर्य वाटलं. दुसऱ्यांदाही तसंच. ती बाजूला बसून कुठं स्टेअरिंग फिरलं, किती फिरलं ते टिपत होती. तिसऱ्या खेपेला तिनं लिहिणं थांबवलं आणि जीपऐवजी काकीकडं बघितलं. गंगूबाई जीपच्या मागच्या कोपऱ्याशी चालत होती. तिचा तळवा पत्र्यावर होता. तिच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

"काकी."

"काय?"

"तू सांगतीयेस त्यांना."

गंगूबाईनं हात काढून घेतला आणि हाताकडं बघितलं. "मी कुटं बोलले?"

"तू जा तिथं पायरीवर बस."

ती शाळेच्या पायरीवर जाऊन बसली. चौथ्या खेपेला गेणबानं मागचं पिंप आडवं केलं. पाचव्या खेपेला पुढचं. पाचव्यांदा उतरून तो म्हणाला, "आयला, हे म्हंजे आंधळ्याची काठी काडून घेतल्यावानी झालं. वयनी, तुमी या की परत."

"न्हाई. मोनी म्हनती तसं करा."

मग मोनिकानं खरं काम सुरू केलं. ती जीपमध्ये गेणबाशेजारी बसली, आणि गाडी कुठं असताना कुठलं पिंप काचेच्या कुठल्या भागात दिसतं ते बघत गेली. दुपारपर्यंत तिला तीन खुणा मिळाल्या. पुढचं पिंप मागच्या खिडकीच्या दांडीआड गेलं की स्टेअरिंग पूर्ण फिरवायचं. कोपऱ्यातलं पिंप मागच्या काचेच्या मधोमध आलं की उलटं फिरवायचं. पुढचं पिंप खांद्याच्या रेषेत आलं की खोकं पुरं झालं. ह्या खुणांवर गेणबानं जीप घातली तेव्हा ती लागली नाही. परत घातली, नाही लागली. मग एकदा लागली, कारण त्याला घाई झाली होती आणि पिरंगुटची माणसं फाट्यावर खोळंबली होती.

गंगूबाई पायरीवर बसून होती. दोन्ही हात तिनं मांड्यांखाली धरले होते.

"बगवत न्हाई मला," ती नंतर म्हणाली. "गाडी मागं येती आन मी गप बसलीया. असं वाटतं मागं कुनीतरी हाय."

"मागं कुणी नाही, काकी. तिथं पण नसतं. नुसती पिंपं असतात."

"ते तुला ठावं, मला ठावं. हाताला न्हाई ना ठावं."

तीन खुणा उलट्या करून मोनिकानं शुक्रवारी फोनवर सांगितल्या. कोंडीरामनं त्या परत म्हणून दाखवल्या. दर शुक्रवारी तो त्या म्हणायचा, आधी हळू, मग न अडखळता. रोज संध्याकाळी कोंडीराम पलंगावर बसायचा, हातात जेवणाचं ताट स्टेअरिंगसारखं उभं धरायचा आणि मान मागं वळवून ताट फिरवायचा. गोदामातून आलेले पाच जण बघत असायचे. त्यातला एक तेलंगणाचा होता, त्यानं पहिल्या महिन्यात असंच ताट फिरवलं होतं.

"हसत्यात का?" गंगूबाईनं विचारलं.

"न्हाई," कोंडीराम म्हणाला. "हसले असते तर बरं हुतं. थकून येत्यात, बगत बसत्यात."

मार्चच्या शेवटी मास्तरच्या गाडीत त्यानं खुणा वापरून बघितल्या. मोनिकानं लांबीच्या प्रमाणात काढलेल्या खुणा जवळजवळ बरोबर निघाल्या, फक्त पहिली थोडी लवकर येत होती. तिनं ती दुरुस्त करून दिली. पुढच्या वेळी त्यानं चार खेपा केल्या आणि चारही बरोबर गेल्या. मास्तर म्हणाला, "अब पास हो जाएगा." हे सांगताना कोंडीरामचा आवाज वर चढला आणि लगेच खाली आला, जणू कुणी ऐकेल म्हणून.

"पास झालो तर काय सांगत्यात माहितीय का?" तो म्हणाला. "सलाला म्हणून लांब गाव हाय, तिकडचा रूट. समुद्राच्या कडंकडंनं. एक गाडी, एकटाच."

"एकटंच?" गंगूबाई म्हणाली.

"व्हय. तिकडं क्लीनर नसतोय."

मोनिकानं सांगितलं की परीक्षेच्या दिवशी नवं काही करायचं नाही, तीन खुणा आणि बाकी काही बघायचं नाही. कोंडीराम बरं म्हणाला. मग मोनिकाला वाटलं की हे सांगायला नको होतं, पण का ते तिला कळेना.

परीक्षा मंगळवारी होती. मंगळवारी फोन येणार हे ठरलं नव्हतं, तरी दोघी उन्हं उतरायच्या आधीच मोरीवर येऊन बसल्या. ओढ्यात पाणी नव्हतं. फाट्यावरून गेणबाची जीप भरून गेली, त्यानं हॉर्न दिला. बऱ्याच वेळानं फोन वाजला.

"बोला," गंगूबाई म्हणाली.

"झालं," कोंडीराम म्हणाला, आणि त्या एका शब्दात त्याचा अर्थ काय हे दोघींनाही कळलं.

"लागली?"

"न्हाई. कशाला लागली न्हाई."

मोनिका फोनकडं वाकली. "मग काय झालं, तात्या?"

"उजवी बाजू झाली. एकदम बराबर. पोलीस काय बोलला न्हाई, म्हंजे झाली. मग डावी. पिंप दांडीआड गेलं, फिरवलं. कोपऱ्यातलं मधी आलं, उलटं फिरवलं. निम्मी गाडी आत हुती मोना. नुसतं सोडायचं हुतं."

"मग?"

"शेजारच्या रांगंत दुसरी गाडी हुती. कुनाची तरी परीक्षा झाली हुती. त्यांच्या पोलिसानं त्या गाडीच्या टपावर हात मारला. जा म्हनून. त्याला सांगत हुता तो, जा."

मोनिकानं फोन जवळ ओढला.

"एकच थाप मारली त्यानं," कोंडीराम म्हणाला. "माजा पाय गेला ब्रेकवर."

मोनिका म्हणाली, "पण ती तुमच्या गाडीवर नव्हती."

"व्हय की. गाडी थांबल्यावर मलाबी तेच कळलं."

"लगेच सोडला असता ब्रेक, तर..."

"थांबली ती थांबली. तो म्हनला, का थांबलास? काय सांगू त्याला? मला त्याची भाषा येती का? सांगितलं असतं तरी काय सांगितलं असतं?"

मोनिकानं सगळं परत मनात मोजलं. तीन खुणा बरोबर होत्या. गाडीची लांबी बरोबर होती. काकीला तिनं पायरीवर बसवलं होतं, म्हणजे थापेशिवाय गाडी आत जाते हेही तपासलं होतं. थाप आली तर काय होईल हे तपासायचं तिच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी त्यावर खूण काढता आली नसती.

गंगूबाईनं फोन उचलून कानाशी धरला. स्पीकर चालूच होता.

"थांबलात ते बराबर केलं," ती म्हणाली.

"बराबर कसलं, गंगू?"

"थाप पडली की थांबायचं."

"हितं न्हाई."

"हितं काय आन तितं काय. मागं कुनी असतं म्हंजे?"

"कुनी नव्हतं मागं," कोंडीराम म्हणाला. "पिंप हुतं. वाळूनं भरल्यालं." गंगूबाईनं फोन तसाच कानाशी धरून ठेवला.

"परत बसू देत न्हाईत का?" ती म्हणाली.

"सा महिन्यांनी बगू म्हनला सायेब."

"मग?"

"खोलीतल्या पाची जनांना तेच म्हनलाय. एकाला दीड वरीस झालं." मागून कुणीतरी हाक मारली, तो त्याच्याशी हिंदीत काहीतरी बोलला. "उद्यापासनं गोदाम. सकाळी साडेचारला गाडी येती. मला दुसऱ्या कॅम्पवर हलवनार हायेत, लांब हाय. फोन लागतोय का न्हाई बगावं लागंल."

"पाठ दुखती तुमची."

"सगळ्यांचीच दुखती."

"पट्टा न्या. तो लोकरीचा. पेटीत हाय, तळाला."

"हाय, बगितलाय." तो म्हणाला, "गावात विचारतील."

"विचारू द्या."

"मोनाला सांग, तिनं सांगितलेलं सगळं बराबर हुतं."

"ती ऐकतीया," गंगूबाई म्हणाली. फोन तुटला. तो कोंडीरामनं बंद केला का रेंज गेली हे समजलं नाही. दोघी तिथंच बसल्या, पण परत वाजला नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी एक मिनिटभर आला. सिमेंट नाकात जातं, फडकं बांधतो, असं तो म्हणाला, आणि पैसे पाठवतो म्हणाला. परीक्षेबद्दल कुणी काही विचारलं नाही.

मे महिन्यात गंगूबाई पौडच्या बाजाराला चालली होती. गेणबानं जीप थांबवून तिला पुढं, स्वतःशेजारी बसवलं. मागं माणसं कोंबलेली होती, मागच्या काचेत पाठीच पाठी.

"काय म्हनतोय कोंडीराम?" त्यानं गिअर टाकत विचारलं. "काय चालवतोय तिकडं?"

"काय न्हाई चालवत. गोण्या उचलतोय."

गेणबानं तिच्याकडं वळून बघितलं आणि परत रस्त्याकडं. "म्हंजे न्हाई झालं."

"न्हाई झालं."

वळणावर गेणबानं हॉर्न दिला.

"अवघडच झालं," तो म्हणाला. "आता कसं सांगू. आमचा मेव्हणा न्हाई का, कोळवणचा, टँकर चालवतोय तो. त्यानं त्याच एजंटाला पासपोर्ट दिलाय. परवा मेडिकल झालं. लई खुशीत हाय."

"सांगा त्याला."

"सांगितलं म्हनून ऐकतोय काय? टँकर बंद पडायला आल्यात. आन त्याला वाटतंय की आपल्याला येतंय. त्याचं मागं घेणं तुमी बगितलं न्हाई वयनी. कोंडीरामपरास चांगलं. टँकर असला मोठा, पर असा घालतो..." गेणबानं स्टेअरिंगवरचा एक हात उचलून हवेत वळण दाखवलं.

"एकट्याला येतं?" गंगूबाईनं विचारलं.

गेणबा विचार करायला लागला. पुढं फाट्यावर दोन माणसं हात करत होती, त्यांच्यापाशी त्यानं जीप बाजूला घेतली.

"आता एकट्याला म्हंजे," तो म्हणाला, "पोरं असत्यात की मागं."

माणसं चढली. आत जागा नव्हती, म्हणून एक जण मागं पायरीवर लोंबकळला आणि त्यानं पत्र्यावर दोन थापा मारल्या. जीप निघाली.